साळूवैनीची पंगत

आमची साळूवैनी म्हंजी आष्ट्यातलं एक नवलच. समद्यांच्या आदी ती जेवलीया, असं मी जन्मात बघितलं न्हाई. गडी जेवायचं, पोरं जेवायची, दारात आलेला भांडीवालाबी जेवून जायचा, मग बाईसाहेब ताट घ्यायच्या. मी नणंद, चिडवायचा हक्कच माझा. "वैनी, मांजराचं झालं का बघून ये," म्हणायची मी. ती खरंच बघून यायची!

कोरोनाच्या साली सातारवरनं चार दिसांसाठी म्हायेरी आले आन अडकले. वैनीला शुगर, इन्शुलिनची सुई चालू. म्हणून तिच्या लेकानं, दादासोनं, तिला घरामागं परड्याकडच्या खोलीत येगळं ठेवलं. मिल्ट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेला गडी, शिस्त लय! सून अंकिता उंबऱ्यावर ताट ठेवायची आन मागं सरायची.

एका दुपारी खिडकीशी गेले. वैनी घामानं डबडबलेली, ताट तसंच, आन तोंडावर लग्नघरातलं हसू.

"वन्सं, हळू बोला. पंगत बसलीया."

"कुठं गं?"

"परड्यातल्या शेवग्याखाली. समदी आल्यात. भाताच्या वाफा कशा तरंगत्यात बघा, ऊन कसं हळदीगत पडलंय. ह्ये बी हायत. त्यांचं झालं न्हाई अजून."

ह्ये म्हंजी माझा थोरला भाऊ, जोतीराम. त्याला जाऊन कैक वर्सं झालेली.

मी बोंब ठोकली. दादासोनं पळत येऊन साखरपाणी पाजलं, डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, सुई घेऊन उपाशी ऱ्हायलं की साखर उतरती, माणूस भरमतं. असंच चाललं तर जिवावर बेतंल.

वैनी भानावर आली आन रडायलाच लागली. "मोडली की वो पंगत."

"आगं, पर जेवली का न्हाईस?"

"तुमचं समद्यांचं झालं का न्हाई, हितनं दिसतंय व्हय मला? वाट बघती. मग थरथर सुटती आन समदी येत्यात. एकटीला बरं वाटतंय."

मी तवाच अंकिताला सांगितलं, उद्या समद्यांची ताटं परड्यात वाढ.

दुसऱ्या दिशी आमी समदी तिच्या खिडकीम्होरं लांब लांब बसून जेवलो. "दे रं ढेकर," मी दादासोला म्हणलं, "तुझ्या आईला ऐकू जाऊ दे." सुभेदारानं अशी ढेकर दिली की कोंबड्या उडाल्या. वैनी खुदकन हसली. सुई घेतली, ताट ओढलं, आन हात थांबला. नजर शेवग्याखाली.

"ह्यांचं?"

अंकितानं मान खाली घातली. जोतीराम आता न्हाई, ते वैनीला काय ठाऊक नव्हतं व्हय?

"वैनी," मी म्हणलं, "त्यो माझा भाऊ. तुझ्या आदीपासनं वळखती मी त्याला. त्याचं झालं."

"पोटभर?"

"पोटभर. आता तूच ऱ्हायलीस."

तिनं भाकरी मोडली. शेवग्याची सावली हलत व्हती, तिच्याकडं बघत बघत सावकाश चावत ऱ्हायली. आमचे हात वाळून गेले, पर तिचं ताट रिकामं हुईस्तवर पंगतीतनं कुणीच उठलं न्हाई.