रानाचा प्रश्न आणि 'नो'चा फॉरवर्ड

आश्लेषा घाटपांडे न्यू जर्सीत औषधांच्या वेष्टनांवरचा मजकूर तपासते. 'क्वचित चक्कर येऊ शकते' यातल्या 'क्वचित'चाही पुरावा मागणारी बाई. त्यामुळे टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या गावपालिकेच्या, मतपत्रिकेचा नमुना वाचून तिला शिसारीच आली. तिच्या घरामागचं ओकचं रान गोदामवाल्यांना विकायचं घाटत होतं, आणि मतदारांना प्रश्न काय, तर 'परिसराच्या सोयीसुविधा वाढवण्यासाठी जमिनीचा सुयोग्य वापर करावा का?' रान नाही, विक्री नाही, गोदाम तर नाहीच. विषाच्या बाटलीवर गुलाबपाणी लिहिलं की माणूस तुरुंगात जातो. टाउनशिपमध्ये त्याला बढती मिळत असावी.

तिने शेजारी जमवले आणि दावा लावला. नवरा प्रताप मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळतो. निकालाची वाट न पाहता त्याने गणपतीच्या चित्राखाली लिहून फॉरवर्ड सोडला: 'रान वाचवा, नो करा.'

कोर्टात टाउनशिपचा वकील म्हणाला, "मतदारांना तपशिलात रस नसतो." जज्जबाईंना ते पटलं नाही. त्यांनी प्रश्नच नव्याने लिहायला लावला: 'ओकच्या रानाची विक्री कायमची बंद करावी का?' म्हणजे आता रान वाचवायला 'येस' करायचं.

"आधी तो फॉरवर्ड काढ," आश्लेषा म्हणाली.

"काढला यार. दुरुस्तीपण टाकली."

"वाचली कोणी?"

"सगळ्यांनी हात जोडलेत."

दुरुस्तीला चित्र नव्हतं. गणपती मात्र योगाच्या ग्रुपवरून भिशीच्या, तिथून ढोल-ताशाच्या ग्रुपवर फिरतच राहिला. देवाचं चित्र डिलीट करायला बोट धजत नाही. पुढे ढकललं की पुण्य.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर मंडळातल्या अहिल्याकाकू भेटल्या. नागरिक झाल्यावरचं पहिलंच मत, त्यामुळे पैठणी.

"तुझ्यासाठी नो करून आले हो! आमच्या भजनातल्या सगळ्याजणींनी केलं."

"काकू, प्रश्न वाचलात का?"

"वाचायचं काय त्यात? बाप्पाच्या खाली लिहिलं होतं की!"

थोडक्या मतांनी रान गेलं. टाउनशिपची शिसारी तिला आधीच होती. पण तो वकील खरं बोलला होता, ही शिसारी गिळता येईना.

आठवड्याभरात रानाभोवती कुंपण पडलं. त्यावर चकचकीत पाटी: 'हरित प्रकल्प'. आश्लेषाने ती सवयीने शेवटपर्यंत वाचली. मग इकडेतिकडे न बघता, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच, ती रस्त्यावर थुंकली आणि घरी गेली.