बिननावाचा मासा

ओहोटीच्या वेळी खडकांत गरी टाकून बसलो होतो. दोरीला जड ओढ लागली आणि वर आला तो वीतभर मासा, खडकाच्याच रंगाचा. अंगावर खवले नव्हते, डोकं रुंद होतं आणि तोंडाभोवती शेवाळासारखी झालर होती. गरी काढायला हात पुढे केला, तर तो कण्हला. आजारी माणूस झोपेत कण्हतो तसा, खोल आणि लांबट. माझा हात तिथेच थांबला.

शेजारच्या खडकावर जनाकाकी कालवं काढत होती. जन्मभर तिने बाजारात मासे विकले. नुसत्या शेपटीवरून ती मासा ओळखते. तिने वाकून बराच वेळ पाहिलं.

"काकी, कुठला हा?"

"ह्येका आमच्यात नाव नाय," ती म्हणाली. "जो मासो खाऊचो नाय, तेका नाव कोण देतलो? सोड तेका."

म्हणजे मला ठाऊक असलेली सगळी नावं ताटात येऊन गेलेल्यांची. बाकी समुद्र बिननावाचा, आणि मी इतकी वर्षं या खडकांवर, त्याच्याच डोक्यावर बसत आलोय.

मासा फडक्यात धरून गरी सोडवली आणि त्याला पाण्यात ठेवलं. तो मागे सरकत कपारीत शिरला. थोड्या वेळाने आतून तेच कण्हणं आलं. मग डावीकडून दुसरं. मग माझ्या पायांखालून.

काकीने टोपली उचलली.

"असतत ते," ती म्हणाली. "आपण बोलाक लागलो की गप रवतत."

खडकांवरून परतताना पायांना वाळू लागेपर्यंत आम्ही दोघं मोठमोठ्याने काहीबाही बोलत राहिलो.