काही पेला का रे, संज्या?

इंग्लंडातल्या इस्पितळातून रजा घेऊन निघाले तेव्हा माझा तोरा काही औरच होता. घरातली पहिली पदवीधर मी, त्यात परदेशात नर्स. नागपूरहून एसटीने राळेगाव, पुढे ऑटोने थेट आमचं शेत. दोन्हीकडे डोक्याएवढी पराटी (कापसाचं झाड) आणि औषधाचा उग्र वास. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात.

धाकटा भाऊ संजय पाठीवर पंप घेऊन फवारत होता. पाठ ओलीचिंब.

"काय रे, हा सदरा धुतला कधी?"

"फवारणीचा सदरा हाय ताई, फवारणी संपली का धुतो. रोज कोन धुवून राह्यलं? पंप थोडा गळते, बाकी काही नाही. तू घरी जा. साहेबीण आली म्हणून तुह्या वहिनीनं वांग्यात तेल जास्त टाकलं असन."

वांग्याची भाजी खरंच तेलात तरंगत होती. भाकरीशी खाता खाता मी वहिनीला तिकडच्या गोष्टी सांगितल्या. लेकरं कपडे धुवायच्या रंगीत गोळ्या गिळतात, मोठी माणसं दुखण्याच्या गोळ्या ढीगभर घेतात. "तिकडे विष घरातच असतं. कपाटाला कुलूप लावलं की निम्मी काळजी मिटते."

"आमच्या वावराले तं दारच नाही ताई," वहिनी हसली. "कुलूप कुठं लावू?"

दुपार कलताना संजय झोकांड्या खात आला आणि अंगणातच ओकला. घामाच्या धारा, तोंडातून लाळ, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. विषबाधा मी ओळखली. शेजारपाजारचे धावत आले. त्यांच्यासमोर मी त्याचा चेहरा धरून विचारलं, "काही पेला का रे, संज्या? खरं सांग."

त्याने कसेबसे डोळे उघडले. "मी कायले पिऊ ताई? काम करून राह्यलो होतो."

एकमेकांकडे बघत शेजाऱ्यांनी त्याला उचलून ऑटोत घातलं.

दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर खेकसले, "याचा सदरा काढला नाही अजून? नर्स ना तुम्ही?" गळक्या पंपातलं औषध पाठीतून अंगात भिनत होतं, आणि वाटभर मी त्याच्या तोंडाचा वास घेत बसले होते.

त्याला साबणाने धुतलं, इंजेक्शनं दिली. संजय वाचला. पण भेटायला येणारा जो तो समजूत काढायचा, "असं करू नाही बावा, लेकरं लहान हायत." तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. औषध कातडीतूनही जातं, हे मी प्रत्येकाला सांगितलं. लोक माना डोलवायचे. बहिणीनंच विचारलं म्हटल्यावर माझं ऐकतो कोण?

निघताना एसटी स्टँडवर वहिनीने मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही इतक्या शिकल्या. त्यायनं पेलं तं नव्हतं नं?"

"नाही गं, शपथ."

"मंग तुम्ही काहून इचारलं?"

एसटी लागली होती. मी चढले.

ज्या देशात माणूस विष स्वतः तोंडात घालतो, तिथला प्रश्न मी विष अंगावर घेऊन राबणाऱ्याला विचारून आले. आता इंग्लंडातून फोन केला की वहिनी पिकापाण्याचं बोलते. संजयला दे म्हटलं, तर वावरात गेलाय म्हणते. मी घड्याळ बघते. तिकडे रात्र झालेली असते.