गॅस आतला होता

"कोरोना नाही हा," डॉक्टर म्हणाले. "टेस्ट निगेटिव्ह आहे. घरात काय मिसळलंत ते आधी सांगा."

मी भिंतीला टेकून उभी होते. समोरच्या खाटेवर माझा नवरा दिलीप तोंड उघडून श्वास ओढत होता. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्या आत जायच्या. डोळे लालभडक, ओठ निळसर. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रडू नव्हतं. डोळेच भाजले होते.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि एक शब्द सांगितला, केमिकल न्यूमोनायटिस. जंतूने नाही तर रसायनाने फुप्फुसाला आलेली सूज. सोप्या भाषेत, माणूस आतून भाजतो. "क्लोरीन गेलाय छातीत," ते म्हणाले. "तुम्ही बोईसरची माणसं. तुम्हाला वास कळायला हवा होता."

कळला होता. तिथेच तर सगळा घोटाळा झाला.

साथी काही संपलेल्या नाहीत. पुढची आली की लोक पुन्हा घर भरतील, पुन्हा बाटल्या आणतील. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोड करून लिहिणार नाही, कारण जे घडलं ते गोड नव्हतं.

माझं माहेर शिरगावचं, नारळ-चिकूच्या वाडीतलं. आमच्याकडे पाऊस लागायच्या आधी आगोट भरतात. म्हणजे पावसाळाभर बाहेर पडावं लागू नये म्हणून तांदूळ, मीठ, मसाला, सुके बोंबील, सुकट असं सगळं घरात आणून ठेवायचं. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात लाट उसळली, तेव्हा मी आगोटच भरली. डबे भरले, फळी भरली, पलंगाखालची जागा भरली. थर्मामीटर आणला, ऑक्सिमीटर आणला. बोटाला लावला की रक्तातला ऑक्सिजन दाखवतो ते हे यंत्र. तेवढं चुकलं नव्हतं.

दिलीप बोईसरला लागूनच असलेल्या तारापूरच्या एमआयडीसीत, एका रसायनाच्या कंपनीत कामाला. त्याने आणलेली आगोट निराळी होती. हायपोचे कॅन. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पाण्यात भरपूर पातळ करून फरशी पुसतात ते. त्याने आणलेला माल जहाल होता. दिलीप पॅकिंगला आहे. कॅनवरचं नाव त्याला पाठ असतं, आतल्याचा स्वभाव माहीत नसतो. पण घरात तो स्वतःला साहेबच समजायचा. खिडक्यांना त्याने प्लास्टिक लावलं, कडेने पट्ट्या चिकटवल्या. हवा खायला एक स्वयंपाकघराची खिडकी तेवढी सोडली.

ही सगळी तटबंदी विषाणूसाठी होती, आणि खरं सांगायचं तर काशिनाथसाठी.

काशिनाथ आमचा शेजारी. मूळ मासवणचा, स्वतःचा टेंपो चालवतो. आमची दोन घरं एका भिंतीला भिंत लावून आहेत आणि पुढचा बोळ सामाईक आहे. त्या बोळात दिलीप रोज सकाळी हायपो शिंपडायचा. काशिनाथच्या कोंबड्या तिथेच चरायच्या. एक दिवस डबक्यातलं ते पाणी पिऊन पिल्लं मेली. काशिनाथ टोपलीत ती पिल्लं घेऊन आला आणि त्याने ती आमच्या उंबऱ्यावर आपटली. दिलीपच्या हातात बादली होती. त्याने तीच काशिनाथच्या डोक्यात हाणली. मग काशिनाथने त्याला भिंतीला दाबून गळा धरला. मी मागून काशिनाथचे केस धरून ओढले. ओढले म्हणजे मूठभर हातात आले. बोळातली सगळी दारं उघडली, पण सोडवायला कुणी पुढे आलं नाही. सगळ्यांना एकमेकांपासून अंतर ठेवायचं होतं.

"तुजी कंपनी तुज्या घरात घाल," काशिनाथ रक्त थुंकून म्हणाला. "परत माज्या दारात टाकलास तं मुंडी पिरगळीन."

थोड्याच दिवसांत त्याची बायको प्रमिला पॉझिटिव्ह आली. दिलीपने त्यांच्या बाजूचं बोळाचं फाटक तारेने बांधून टाकलं. काशिनाथ पक्कड घेऊन आला आणि आमच्याकडे बघत बघत एकेक वेढा तोडत गेला. मारामारीपेक्षा मला त्या बघण्याची जास्त भीती वाटली. माहेरहून आणलेला नारळ सोलायचा कोयता मी फळीवरून काढून दाराजवळ ठेवला.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी भर दुपार होती. दिलीपच्या डोक्यात आलं की त्यांच्या मोरीचं पाणी आपल्या मोरीखालून जातं, म्हणजे विषाणू तिथून वर येणार. हायपो ओतून त्याचं समाधान होईना. वासच मेला पाहिजे म्हणाला. मग संडास धुवायचं ॲसिड त्याने त्याच हायपोवर ओतलं. जहालावर जहाल घातलं की दुप्पट काम होईल, हा त्याचा हिशोब. बाथरूमचं दार त्याने आतून लावून घेतलं होतं.

मी स्वयंपाकघरात बोंबील भाजत होते. बोंबलाच्या वासाला फाडून दुसरा वास आला आणि नाकात सुई घुसल्यासारखं झालं.

आता बोईसरबाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. आम्हाला वासाचं नवल नाही. कधी कुजक्या अंड्यासारखा येतो, कधी गोडसर, कधी घसा खरवडणारा. वास आला की आम्ही विचार करत नाही. खिडक्या लावतो, दाराच्या फटीला ओला टॉवेल कोंबतो आणि वारा फिरायची वाट बघतो. लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला शेगडी दाखवायच्या आधी हे दाखवलं होतं. गॅस कंपनीकडून येतो. कंपनी बाहेर आहे. म्हणून गॅस बाहेरून येतो. यापलीकडे कुणाचं डोकं चाललेलं मी पाहिलं नाही, माझं तर नाहीच.

मी उघडी असलेली एकमेव खिडकी धाडकन लावली. टॉवेल भिजवून दाराखाली घातला. गॅसची बरणी मीच झाकण लावून घट्ट केली, आणि आत आम्ही दोघं.

दिलीप बाथरूममधून रांगत बाहेर आला. नुसता खोकत नव्हता, खोकून खोकून फुटत होता. तोंडातून फेस, नाकातून पाणी. त्याने दाराकडे हात केला. मला वाटलं, दार लाव म्हणतोय. मी वरची कडीही घातली. तो जमिनीवर आडवा पडला आणि नेमका हाच गॅस जड असतो, खालीच साठतो. मी ओट्याशी उभी होते म्हणून शुद्धीवर राहिले. हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की आत असं आहे, तर बाहेर माणसं मरून पडली असतील.

तेवढ्यात दारावर लाथा बसायला लागल्या.

"वयनी, भायेर वास नाय!" काशिनाथ ओरडत होता. "गॅस तुमच्या आत हाय. कडी काडा."

मी मनात म्हटलं, आला. मुंडी पिरगळायला आला. बाहेर गॅस नाही असं सांगून दार उघडवतो आहे. मी कोयता उचलला.

दाराशेजारच्या खिडकीवर पहार बसली. काच फुटली, प्लास्टिक टरकावलं गेलं आणि त्यातून एक हात आत आला. तो कडी चाचपायला लागला. मला नीट दिसत नव्हतं. दिसला तेवढ्या हातावर मी कोयता मारला. मारायचाच म्हणून मारला, घाबरवायला नाही. पातं मनगटाच्या वर बसलं, रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. काशिनाथ गुरासारखा ओरडला.

हात मागे गेला नाही. त्याच हाताने त्याने कडी काढली.

मग तो आत आला, मला ढकलून भिंतीवर आपटलं, दिलीपचे पाय धरले आणि त्याला फुटक्या काचांवरून फरफटत बाहेर नेलं. मी मागून शिव्या देत, त्याच्या पाठीत बुक्क्या मारत बोळात आले. बाहेर लख्ख ऊन होतं. वाऱ्याला कसलाही वास नव्हता. शेजारच्या दोरीवर कपडे वाळत होते.

काशिनाथने गळ्यातला टॉवेल दाताने ओढून हाताला बांधला, दिलीपला टेंपोत टाकलं आणि मला नुसतं "चडा" म्हणाला.

इमर्जन्सीत नर्सने आधी त्याचा हात पाहिला. अशा प्रकारची केस मेडिको-लीगल असते, म्हणजे पोलिसांना कळवावी लागते. हवालदार आले. मी रक्ताने माखलेली, कोयता घरी पडलेला. हवालदारांनी काशिनाथला विचारलं, हाताला काय झालं.

"काच लागली," काशिनाथ म्हणाला.

दिलीपला ऑक्सिजन लावल्यावर थोडं बरं वाटलं. पाणी मागितलं, मला शिवी दिली. मला वाटलं, सुटलो. इथे फसू नका. रसायनाचा मार आधी दबून बसतो, मग उठतो. संध्याकाळपर्यंत त्याच्या छातीतून उकळत्या पाण्यासारखा आवाज यायला लागला. पल्मनरी एडिमा, डॉक्टर म्हणाले. फुप्फुसात पाणी भरणं. माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. बोईसरला जागा नव्हती, त्याला पालघरला हलवलं.

तिथे बायपॅप लावला. हा तोंडावर घट्ट बांधायचा मास्क, तो दाबाने हवा आत ढकलतो. वादळात मोटरसायकलवर तोंड उघडं ठेवून बसल्यासारखं वाटतं, असं दिलीप नंतर म्हणाला. तेव्हा त्याने मास्क उपटून फेकला. वॉर्डबॉयच्या पोटात लाथ मारली. सिस्टरच्या हाताला चावला. डॉक्टरांनी मला दाराशी बोलावलं. रात्रभर मास्क टिकला तर निभेल, म्हणाले. नाहीतर व्हेंटिलेटर लागेल, आणि व्हेंटिलेटर एकही रिकामा नाही.

"तुमचं ऐकतात का हे?"

"आजवर नाही," मी म्हटलं.

त्यांनी त्याचे हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेला बांधले. पाय मी धरले. धरले म्हणजे त्याच्या मांड्यांवर बसले. तो धडपडत होता, मास्कच्या आतून मला मारून टाकीन म्हणत होता आणि मी त्याला मर म्हणत होते, पण मास्क लावून मर. प्रेमाने हात हातात घेणं वगैरे मला माहीत आहे. त्या रात्री ते उपयोगाचं नव्हतं. माझ्या गुडघ्यांचे वळ त्याच्या मांड्यांवर उमटले. शेवटी तो दमला आणि दमल्यावर मास्कच्या तालावर श्वास घ्यायला लागला. मॉनिटरवरचा आकडा हळूहळू चढला.

तो वाचला. पूर्वीसारखा झाला नाही. आता इन्हेलर, म्हणजे तोंडातून ओढायच्या औषधाचा पंप, खिशात असतो. एक जिना चढला की मधे थांबतो आणि मोबाइल बघत असल्याचं नाटक करतो. पण आहे. माझ्याशी भांडायला घरात आहे.

घरी आल्यावर मी काशिनाथच्या दाराशी गेले. प्रमिला बरी होऊन बसली होती. तिनेच भिंतीतून खोकला ऐकला होता. आजारात तिला वास येत नव्हता, पण खोकल्याचा आवाज ओळखून तिने नवऱ्याला उठवलं होतं, हा तापाचा खोकला नाही म्हणून. काशिनाथच्या हातावर टाक्यांची जाड रेघ होती. त्याची दोन बोटं अजून नीट मिटत नव्हती. मी माफीबिफी ठरवून गेले होते. तोंडातून निघालं भलतंच. हवालदाराला खरं का नाही सांगितलंत, असं मी चक्क रागावून विचारलं.

"तुमाला आत घातला असता तं भावाजवल कोन बसला असता?" तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पिल्लांचा राग हाय अजून. तो येगला."

मी तिथे रडले. त्याआधी एकदाही रडले नव्हते.

तर साथीसाठी घर भरणाऱ्यांनो, भरा. तांदूळ भरा, औषधं भरा, ऑक्सिमीटर ठेवा. साबण आणि पाणी पुरेसं असतं. जंतू मारायचं एकच काहीतरी एका वेळी वापरा, पातळ करून वापरा आणि खिडक्या उघड्या ठेवून वापरा. हायपोत ॲसिड नको, फिनेल नको, काहीच नको. वास डोळ्यात गेला तर आधी दार उघडा, मग विचार करा. आणि आगोट भरताना शेजाऱ्याच्या पिल्लांना डबक्यातलं पाणी पाजू नका. त्याची पहार कधी लागेल सांगता येत नाही.

मी अजून तापट आहे. काशिनाथशी अजून भांडते, कोंबड्या पुन्हा वाढल्या आहेत आणि माझ्या उंबऱ्यावर घाण करतात. त्याचं फाटक आणि माझं फाटक, दोन्ही उघडी असतात. खिडकीची ती काच नवी बसवली, प्लास्टिक कुठेच नाही.

परवा दुपारी पुन्हा वास आला. घसा खरवडणारा. माझा हात सवयीने खिडकीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मी भिंतीवर थाप मारली.

"भाऊ, आतला की बाहेरचा?"

पलीकडे दार वाजलं. तो बोळात जाऊन वास घेत असणार. दिलीप इन्हेलर हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"भायेरचा हाय, वयनी," काशिनाथचा आवाज आला. "लावा."

मग मी खिडकी लावली.