रविवारची भेट

गुन्ह्यात सापडलेल्या पोरांच्या निरीक्षणगृहात काळजीवाहकाची नोकरी केली की किस्से साचतातच. घरी सांगावेत तर ऐकायला भिंती! बायको गेली, मुलगी पुण्यात. म्हणून तुमच्या डोक्याला ताप.

सरकारी भाषेत आमची मुलं ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. आम्ही म्हणतो पोट्टे. असाच एक मोटरसायकल चोरून आलेला. समुपदेशक मॅडमनी विचारलं, “मोठा होऊन काय होणार?”

“पोलीस.”

मॅडम खूश. “का रे?”

“गाडी भेटते. पेट्रोलबी सरकारी!”

*

दुसरा एक भरदुपारी भिंतीवरून पळाला. आमची धावाधाव, साहेबांचा बीपी वर. संध्याकाळी स्वारी आपणहून गेटवर हजर.

“काहून आला रे वापस?”

“घराले कुलूप होतं, काका. जेवन झालं का सगळ्याइचं?”

सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण त्याला वाढताना हसू टिकलं नाही.

*

रविवारी घरचे भेटायला येतात. ज्यांचं कोणी येत नाही, तेही आंघोळ करून, भांग पाडून बसतात. त्यावर पोट्ट्यांनीच तोडगा काढला. ज्याची आई आली, तो ती दुसऱ्याला थोडा वेळ उसनी देतो! धामणगावचा एक जण मित्राला बजावत होता, “बस माह्या मायजवळ. पन रडवू नोको तिले. तिले गाडी पकडाची हाय.”

*

मी रविवारची सुट्टी घेत नाही, हेही पोट्ट्यांच्या नजरेतून सुटलं नाही. एकानं विचारलंच,

“काका, तुमालेबी कोनी भेटाले येत नाई का?”

मी त्याला अंगण झाडायला लावलं.

*

आता पातूरचा सागर. शहरात, राजापेठेच्या बाजारात मोबाइल उचलताना सापडलेला. बाल न्याय मंडळानं त्याला बापाच्या ताब्यात द्यायला सांगितलं, पण बापच येईना. फोन केला की म्हणायचा, “राहू द्या ना तिथंच. गावात तोंड दाखवाले जागा नाई.” सागर मात्र दर रविवारी गेटकडे बघत बसायचा. कोणाची आई उसनी घ्यायचा नाही. “माहा बाप येईन,” एवढंच. माझा जीव तुटायचा.

शेवटी एकदा बाप आला. पोराकडे न बघता म्हणाला, “चाल.” दोघं गेले. मला हायसं वाटलं.

पुढच्याच रविवारी बघतो तर भेटीच्या रांगेत सागर! इस्त्रीचा शर्ट, हातात केळी.

मी म्हटलं, “अबे, इथं फक्त नातेवाइकाले आत सोडतात. तू कोनाचा नातेवाईक?”

“आज ज्याचं कोनी आलं नसन, त्याचा.”