दोन गणपतींच्या मध्ये गंधाली दीदी

कारखान्यांच्या बीरगांवात आवई उठली होती, की गंधाली दीदी कंपनीची खबरी आहे. शहरातल्या शंकर नगरातून स्कूटीवर येते, दोन्ही पार्ट्यांकडे चहा पिते अन् मोबाईलमध्ये सगळं भरून नेते.

भरून नेते, हे खरं. पण खबरी? छे! माझी ही मावसबहीण शांतता आणि संघर्ष या विषयात पीएचडी करते. थोडं समाजशास्त्र, थोडा कायदा, थोडं मानसशास्त्र. मावशी म्हणते, मिक्स भाजी. अन् त्या भाजीत बीरगांवच्या कंपनीतला एक मोडलेला संप आहे.

दोघे तिथलेच कामगार: संपात गुलाबराव बाहेर राहिले, नत्थूकाका कामावर गेले. तेव्हापासून या जिवलगांचं बोलणं बंद अन् पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गणपती दोन.

रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायचं काम माझं, कारण तिथली वऱ्हाडी-हिंदी खिचडी मलाच पचते. आधी दीदीनं माझी सही घेतली: इथलं इथंच.

गुलाबराव, खाकरत: "त्यानं आरतीले बोलावलं ना बाई, तर अनवाणी जाईन. पण त्याले सांगू नका."

नत्थूकाका, नाकातून: "हव, त्याच्याच हाकेची वाट पाहून राहिलो मी. पण हे आपल्यातच ठेवा."

मी उडालेच. "सांगून टाक ना दीदी!"

"शब्द दिलाय, पिंके. तो मोडला तर पुन्हा कोण तोंड उघडंल माझ्यासमोर?"

"मग शांततेचा अभ्यास काहून करून राहिली?"

ती जेवण अर्धं टाकून उठली. दुसऱ्या दिवशी दोघांनाही विचारून आली, तुमचं म्हणणं पोहोचवू का? दोघांचं उत्तर एकच: "पहिले तो." अन् दुसराही हेच म्हणतो, एवढंही तिला सांगता येईना.

मी पैज लावली. विसर्जनाच्या आत तू फुटणार. हरले तर रेकॉर्डिंग ऐकून मी दीदीसमोर करते ती दोघांचीही नक्कल वर्षभर बंद.

शेवटच्या आरतीला भोंगे समोरासमोर. दीदी मधल्या रस्त्यावर उभी, ना इकडे ना तिकडे. गुलाबराव हळूच जवळ आले. "काय म्हणते जी, तो नत्थू?"

दीदीचे ओठ हलले. मी मनात जिंकलेच.

"तुम्हीच विचारा ना काका," ती म्हणाली.

गुलाबरावांनी चपला काढल्या. पलीकडे पाहिलं. पुन्हा घातल्या.

विसर्जनाला ट्रक दोन निघाले.

ओळख पटेल ते सगळं बदलून हे लिहायची परवानगी दीदीनं दिली. त्या दोघांचे आवाज काढायची नाही. पैज ती जिंकली, पण त्या रात्रीही जेवली नाही.