लाल लुगड्यातली मावशी

ट्रंक उघडली, की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि मला दादरची फिलोमावशी आठवते. आमच्या ख्रिस्ती लोकांतल्या जुन्या बायका आपले मरणाचे कपडे आधीच ट्रंकेत काढून ठेवत. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत, हृदय थकलेल्या मावशीने एका दुपारी आपलं ठेवणीतलं लाल लुगडं काढलं, नेसलं आणि बोटांत रोझरीची जपमाळ गुंडाळून ती पलंगावर आडवी झाली. खाली रस्त्यावरून मोर्चाच्या घोषणा येत होत्या.

"तुझे काका गेले तेव्हा लोकांनी त्यांचा भांग उलटा पाडला होता," ती म्हणाली. "शेवटचं बघायला वाकले, तर शवपेटीत कोण परका पुरुष! माझ्या पोरीवर ती पाळी नको. मला तयार तू करायचंस. आता बघ, मी मीच दिसते काय?"

"चष्मा राहिला," मी म्हटलं.

"मग घाल की. वर स्वर्गाच्या दारात संत पेत्राने दुसरीच कोणी समजून परत धाडलं म्हणजे?"

मी चष्मा चढवला. तिने डोळे मिटले आणि ती अगदी निपचित पडली.

आता खरं सांगते. मला रडू आलं नाही. मेल्यावर माणूस कसं दिसतं, हेच मी वाकून वाकून बघत राहिले. त्या कुतूहलाची मला इतकी लाज वाटली, की कन्फेशनला फादरांनाही कधी सांगितलं नाही. आज वाटतं, मावशीला ते तेव्हाच कळलं होतं.

"झालं काय गो बघून?" मिटल्या डोळ्यांनीच तिने विचारलं.

"नाही."

"मग बघ सावकाश. मी कुठं जात नाय."